टोपण घाला, तात्या

आमच्याकडं काहीही तुंबलं की माणूस पहिल्यांदा फुंकतो. ठिबकच्या नळीत माती बसली, फुंक. फवारणीच्या पंपाचं नोझल अडकलं, तोंडात धर आणि फुंक. औषध पोटात गेलं तरी बेहत्तर. गॅसची शेगडी, गाडीचा जेट, मोबाइलचं चार्जिंगचं भोक, सगळ्याला एकच इलाज. आणि फुंकून झालं की एक डोळा मिटायचा, दुसरा भोकाला लावायचा आणि पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं. दिसला तर नळी मोकळी. निमगाव केतकीपासून कळंबपर्यंत हे शहाणपण माणूस आईच्या पोटातून शिकून येतो.

ठिबकच्या नळीचं ठीक आहे हो. काचेच्या तारेचं काय?

मी गावोगाव इंटरनेट पोचवायचं काम करते. निमगावला बाजाराच्या रस्त्यावर आमचं छोटंसं ऑफिस, कळंबला एक भाड्याची खोली, आणि तिथून वाड्यावस्त्यांवर खांबाखांबावरून गेलेली काळी केबल. केबलच्या पोटात केसाएवढी बारीक काचेची तार असते आणि त्या तारेतून उजेड पळतो. त्या उजेडावर डेअरीचं मशीन चालतं, पोरांचे क्लास चालतात, म्हाताऱ्यांची कीर्तनं चालतात. तारेच्या दोन्ही टोकांना बोटाच्या दोन पेरांएवढा धातूचा तुकडा असतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. तो पेटीच्या खोबणीत बसतो, विजेचा उजेड करतो आणि समोरून आलेल्या उजेडाची परत वीज करतो. तापून तापून कधीतरी तो मरतो. मेला की बदलायचा. एवढंच काम. शिकवलं तर माकडालाही जमेल, कारण माकड आत फुंकत नाही आणि आत डोळा घालत नाही.

तात्या दोन्ही करायचे.

तात्या म्हणजे माझे चुलते, वडिलांच्या पाठचे. काकू गेल्यापासून ते आमच्याकडंच राहतात, आणि मी सासर सोडून परत आले (ती गोष्ट वेगळी, तिचा राग वेगळा) तेव्हापासून आम्ही दोघं मिळून हा धंदा करतो. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. मग ऊस आला, उसामागं ठिबक आलं, आणि तात्या ठिबकचे फिटर झाले. ह्या पट्ट्यात तात्यांनी नळ्या अंथरल्या नाहीत असं रान सापडायचं नाही. कुठल्या बांधाखालून कुणाची पाइपलाइन गेली आहे, कोण खांब रोवू देईल आणि कोण कुऱ्हाड घेऊन अंगावर येईल, सगळं त्यांच्या डोक्यात. माझ्याकडं बारामतीच्या कॉलेजचा डिप्लोमा आहे, पण डिप्लोम्याला कुणी बांधावरून जाऊ देत नाही. तात्यांना देतात, वर चहाही पाजतात.

आणि तात्यांना एकच डोळा आहे.

डावा तरुणपणीच गेला. उसाची वाळकी पाती, म्हणजे पाचट, काढताना एका पात्याची कड बुबुळावरून फिरली. ज्यानं कधी उसात हात घातला आहे त्याला ते पातं काय चीज असते ते सांगायला नको. तेव्हा दवाखान्यात कोण नेतंय? कुणी शेळीचं दूध घाला म्हटलं, कुणी पाला पिळा म्हटलं, आणि पांढरा डाग पडला तो पडलाच. राहिला उजवा. त्या एका डोळ्यावर तात्यांनी संसार केला, लोकांची रानं भिजवली, गाडी चालवली, पत्त्यात भल्याभल्यांना हरवलं. आणि हाच उरलेला एकुलता एक डोळा ते माझ्यादेखत काचेच्या तारेच्या तोंडाला लावायचे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"तात्या! डोळा काढा तिथनं!"

"आगं, उजेड येतुय का बगतुय."

"तो उजेड दिसत नसतो!"

"दिसत न्हाय तर मग उजेड कसला?"

आता ह्याच्यावर काय बोलणार? हजारदा सांगितलं होतं. हा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणूनच तो वाईट. उन्हाकडं बघितलं तर पापणी आपोआप मिटते. ह्याच्याकडं डोळा खुशाल उघडा राहतो आणि आतल्या आत भाजू शकतो. आमची छोटी मॉड्यूलं तशी मवाळ असतात, मान्य. पण टीव्हीचा सिग्नल वाढवून सोडणारी मोठी पेटी असते, तिच्यातला उजेड मवाळ नसतो, आणि कुठल्या तारेत कुठला उजेड आहे हे तारेच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून नियम एकच, कुठल्याच तारेत बघायचं नाही. मीटर लावायचा आणि मीटरकडं बघायचं. सापाच्या बिळात माणूस हात घालत नाही, हे डोळा घालतात.

फुंकण्याबद्दल तर बोलूच नका. तारेचं तोंड इतकं बारीक असतं की धुळीचा एक कण आडवा आला तरी उजेड अडतो, आणि तिथं तात्या तोंडात तंबाखू धरून फुंकणार. चुना, थुंकी, सगळं काचेवर. मग दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन, "ताई, नेट लई हळू चालतंय." हळू चालेल नाहीतर काय? तंबाखू खाऊन चालतंय ते.

मी त्यांच्याकडून पद्धत घोकून घेतली होती. आधी तार काढायची, मग मॉड्यूल. तार आत असताना मॉड्यूल ओढायचं नाही. तार निघाली की तिच्या तोंडावर टोपण. मॉड्यूल निघालं की त्याच्या तोंडावर टोपण. मनगटाला पट्टा, पट्ट्याची वायर पेटीच्या लोखंडाला, म्हणजे अंगातली वीज मॉड्यूलला चटका देत नाही. कडी पाडायची, सरळ ओढायचं, दमानं, कारण ते तापलेलं असतं. नवीन घालायचं ते टक वाजेपर्यंत. तारेचं तोंड साफ करायच्या पेननं पुसायचं आणि तारही टक वाजेपर्यंत. तात्या नंदीबैलासारखी मान हलवायचे. "व्हय. व्हय. कळलं." आणि माझी पाठ वळली की फूऽऽ.

पालथ्या घड्यावर पाणी.

माझा राग काही एकट्या तात्यांवर नव्हता, तेवढी मी न्यायी आहे. आम्हाला लाइन पुरवणारे बारामतीचे एक साहेब आहेत. एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांच्याकडं मॉड्यूल मागावं तर कुठलीतरी जुनी काढलेली पाठवणार, एसटीच्या कंडक्टरबरोबर, कॅरीबॅगेत, भुईमुगाच्या शेंगा पाठवल्यासारखी. एकाच्या तोंडाला टोपण असेल तर शपथ. मी एकदा फोनवर म्हटलं, "साहेब, तुमचा चष्मा असाच खडखडत पाठवा की कॅरीबॅगेतनं." तर हसले. "मॅडम लई तापट बुवा." आहेच मी तापट. जग जरा नीट वागलं असतं तर मीही गरीब गाय झाले असते.

पण तात्यांचं शेवटीशेवटी अतीच झालं होतं. टोपणं हरवायचे. टोपण ते केवढं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मी डबी भरून द्यायची, आठवड्यात डबी रिकामी. मागून जाऊन बघावं तर टोपणं तिथंच, पेटीखाली फरशीवर पडलेली. म्हणजे वाकून उचलायचाही कंटाळा! एकदा मॉड्यूल उलटं घातलं, बसेना म्हणून अंगठ्यानं रेटलं, आणि पेटीची ती खोबण कायमची कामातून गेली. एकदा गाडी विजेच्या खांबाला घासून आणली आणि वर मलाच सांगतात, "खांबच रस्त्यात हाय त्यो." आणि डोळा घालणं तर वाढतच चाललं होतं. आधी वीतभर लांबून बघायचे, आता भोकाला नाक टेकवून.

मग एके दिवशी निमगावच्या चौकात, चहाच्या टपरीसमोरच्या खांबावर, मी त्यांना असं बघताना पकडलं आणि माझा तोल गेला. "तात्या, एक डोळा उसाला दिलात, आता दुसरा नेटला देताय का?" चहा पिणारी माणसं खो खो हसली. तात्याही हसले, पण जरा उशिरानं.

"डोळा माझा हाय," ते म्हणाले.

"तुमचा एकट्याचा न्हाय! उद्या आंधळे झालात तर हात धरून कोण फिरवणार? मीच ना?"

तात्यांनी शिडी उचलली आणि गाडीकडं निघाले, आणि जाताना टपरीच्या बाकड्याला पाय अडखळला. मी म्हटलं, बघा, चालताना समोर बघायचं नाही, तारेत मात्र बघायचं.

मग एक सकाळ आली, उसाच्या तोडणीच्या दिवसांतली. कळंबच्या पुढं एका वस्तीवर दूध डेअरी आहे, तिची लाइन बंद पडली. डेअरीवाल्याचा फोन आला, "ताई, मशीन बंद हाय, लोकं किटल्या घेऊन हुबी हायती, मला शिव्या घालत्याती." मी तात्यांना दोन मॉड्यूलं, टोपणांची डबी आणि हजार सूचना देऊन डेअरीवर पाठवलं आणि मी कळंबच्या खोलीत गेले. डेअरीवाल्यानं त्या दिवसाचं दूध कसंबसं उरकलं, शेडची किल्ली तात्यांकडं दिली आणि तो रानात निघून गेला.

कळंबच्या पेटीवरचा त्या लाइनचा दिवा विझलेला होता. मीटर लावला. डेअरीकडून उजेडच येत नव्हता, म्हणजे तिकडचं मॉड्यूल मेलेलं. फोनवरून तात्यांना एकेक पायरी सांगत गेले आणि ते "व्हय, काढलं", "व्हय, घातलं" म्हणत गेले. झालं. तरी दिवा लागेना. माझ्या बाजूचंही बदलून बघितलं. तरी नाही. मग उरलं काय? तार कुठंतरी तुटली.

त्यासाठी आमच्याकडं एक लाल पेन असतं. दोन्ही टोकं पेटीतून सोडवायची, एका टोकाला पेन लावायचं, आणि तार धड असली तर पार दुसऱ्या टोकाला लाल उजेड निघतो. हा उजेड डोळ्याला दिसतो, पण त्याच्याकडंही थेट बघायचं नाही. टोकासमोर पांढरा कागद धरायचा आणि त्याच्यावर पडलेला ठिपका बघायचा.

"तात्या, तार पेटीतनं काढा. समोर कागद धरा. शेडचं दार लोटून अंधार करा. आत बघायचं नाही, सांगून ठेवते!"

"न्हाय बगत, बया."

"आला का उजेड?"

"न्हाय."

"नीट बघा."

"न्हाय आला, पोरी."

"फुंकलंत का त्यात?"

"तुज्या आज्ज्याची शपथ, न्हाय फुंकलं."

झालं, माझं डोकं फिरलं. तोडणी झाली की लोक रानातलं पाचट पेटवतात आणि पाचटाबरोबर आमची केबल जाळतात. दरवर्षीचं रडगाणं. पेन तसंच चालू ठेवलं, गाडी काढली आणि वर केबलकडं बघत खांबामागून खांब निघाले. अर्ध्या वाटेवर एक रान काळंठिक्कर पडलेलं दिसलं, अजून धूर निघत होता. बांधावर एक आबा निवांत बसले होते.

"आबा! आमची केबल जाळलीत तुमी!"

"कुठं जळलीया? दाव की."

मी वर बघितलं. केबल जशीच्या तशी, काळी, तुकतुकीत.

"मग आतनं वितळली असंल."

"बाई," आबा म्हणाले, "चूल पेटायच्या आधीच भाकरी करपली म्हणून वराडतीस व्हय?"

त्यांना सोडलं आणि पुढं एका ट्रॅक्टरवाल्याला धरलं. ट्रॉलीत ऊस असा उंच रचला होता की केबलला घासत जात असणार, खात्रीच. त्यानं ट्रॅक्टर केबलखालून नेऊन दाखवला. दोन हात अंतर राहिलं. "अजून कुनाला धरायचं राह्यलंय का?" त्यानं विचारलं. मी गाडीला किक मारली. शेवटच्या खांबापर्यंत केबल धड होती. कुठं ओरखडा नाही, कुठं लोंबलेली नाही. डेअरीच्या शेडपाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं.

दार ढकलून आत गेले. तात्या पेंडीच्या पोत्यावर बसले होते. एका हातात तार, दुसऱ्या हातात कागद, मी सांगितलं होतं तेवढ्याच अंतरावर धरलेला. आत डोळा घातलेला नव्हता. तोंडात तंबाखूसुद्धा नव्हती. मी म्हटलं, उगवला म्हणायचा एकदाचा सूर्य. आणि त्या कागदाच्या कडेला, त्यांच्या अंगठ्याजवळ, कुंकवाच्या टिकलीएवढा लालभडक ठिपका पडला होता.

"आला का उजेड?" मी दारातूनच विचारलं.

"न्हाय ना. मघाधरनं बसलुय. तुटलीच हाय कुठंतरी."

मला वाटलं चेष्टा करतायत. भलत्या वेळी चेष्टा करायची त्यांना खोडच आहे. म्हणजे काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून, दोन माणसांशी भांडून आले, आणि हे इथं ठिपका हातात धरून बसलेत.

"हा काय मग?"

"कुठं?"

"तात्या, कागदावर!"

त्यांनी मान वळवली. सरळ नाही. कोंबडी दाणा बघते तशी वाकडी, मग थोडी खाली, मग वर. कागद इकडं सरकवला, तिकडं सरकवला. ठिपका कागदाच्या पार मधोमध आला तेव्हा हात थांबला.

"हां. आला बग. आत्ताच आला."

पेन मी निघाल्यापासून चालू होतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले. एक बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"दिसतंय?"

"म्या काय आंधळा हाय का? दिसतंय की."

बोट हळूहळू बाजूला नेलं. "आता?"

"दिसतंय."

"आता?"

"दिसतंय म्हनलं की!"

बोट मी केव्हाच मिटून घेतलं होतं. मूठ माझ्या मांडीवर होती.

शेडमध्ये नुसता दुधाचा आंबूस वास आणि बाहेर म्हशीचं रवंथ करणं. मी विचारलं, "कधीपासनं?"

तात्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. "झाली आसतील दोनेक वर्सं. कडंकडंनं अंधारत आलंया. मधलं दिसतंय. समूरचं सगळं दिसतंय की."

"आणि सांगितलं नाहीत मला?"

"सांगितलं आसतं तर काम काढून घेतलं आसतंस."

"होय, घेतलं असतं!"

"मग? पारावर बसून माशा मारू?"

मी ओरडले. आयुष्यात इतकी कधी ओरडले नव्हते. बाहेरची म्हैस रवंथ करायची थांबली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. गाडी चालवत होतात, खांबावर चढत होतात, मेला असतात म्हणजे, असं बरंच. आणि ओरडता ओरडताच एकेक उलगडत गेलं. टोपणं उचलायचा त्यांना कंटाळा नव्हता, पायाशी पडलेली टोपणं त्यांना दिसतच नव्हती. खांब खरंच एकाएकी रस्त्यात येत होता. टपरीचं बाकडंही तसंच आलं होतं. आणि भोकाला नाक टेकवून ते उजेड बघत नव्हते. भोक कुठं आहे ते शोधत होते. एकेक गोष्ट कळत गेली तसा राग आणखीच चढत गेला, आणि आता तो कुणावर काढायचा तेच कळेना, म्हणून मी तो समोर बसलेल्या तात्यांवरच काढत राहिले. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. उलट एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

लाइनचं म्हणाल तर तिला काहीही झालेलं नव्हतं. मॉड्यूल तात्यांनी व्यवस्थित बदललं होतं, फक्त त्यानंतर तार लावताना अर्धवट टेकवली असणार. मी पुसून दाबली, टक वाजलं. कळंबला जाऊन पेन काढलं, तार लावली आणि हिरवा दिवा लागला. तात्यांच्या गाडीची किल्ली मी मागितली. त्यांनी मुकाट काढून दिली, त्याचाही मला रागच आला.

बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिनं थेंब घातले, यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाली, काचबिंदू. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि नजरेची नस मरत जाते, कडेकडून, दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली सांभाळायची.

"हे तारेत बघून झालं का?" मी विचारलं. "फायबरची तार. लेझर. मी ह्यांना घसा फुटेस्तोवर सांगत होते."

"नाही हो," ती म्हणाली. "तारेचा ह्याच्याशी काही संबंध नाही. हे आतून होतं. दरवर्षी तपासलं असतं तर लवकर कळलं असतं."

मला काय वाटलं सांगू? मी हिरमुसले. इतकी वर्षं मी पुढच्या दाराला कड्या घालत होते, चोर आला म्हणून बोंबलत होते, आणि तो आला मागच्या दारानं, चप्पल हातात घेऊन. दरवर्षी मी मीटर तपासायला पाठवायची. तात्यांना एकदाही पाठवलं नाही.

डॉक्टर पुढं म्हणाली, "आधी लेझर करून घेऊ, मग रोज थेंब."

तात्या ताठ बसले. "काय करून?"

"लेझर, आजोबा. घाबरू नका, डोळ्यात उजेड सोडायचा, लगेच होतं."

तात्यांनी मान वळवली, वळवत वळवत मला बरोबर मधोमध आणलं, आणि कित्येक दिवसांत हसले नव्हते तसे हसले. "ऐकलंस का? म्या नुसता बगत हुतो तर गाव गोळा करत हुतीस. हितं डाक्टरीनच आत सोडतीया!"

"तो वेगळा लेझर असतो!" मी दवाखान्यात ओरडले. बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावून बघायला लागली.

"आसंल," तात्या म्हणाले. "आमाला काय, अडाणी मानसं."

ते झालं. आता तात्या ऑफिसात बसतात. खांब रोवायचा असला की फोन तेच करतात, आणि आबा-तात्यांचं आपसात काय बोलणं होतं कोण जाणे, जागा मिळते. साहेबांच्या शेंगा अजून तशाच कॅरीबॅगेतून येतात. मी अजून तशीच फोनवर भांडते, ते अजून तसेच हसतात. ती पिशवी तात्या पुढ्यात घेतात आणि बोटांनी चाचपून एकेका मॉड्यूलला टोपण घालतात. एकही चुकत नाही. घालून झालं की टोपणावर वरून एक फुंकर मारतात. जित्याची खोड. टोपणावरच आहे, म्हणून मी बघून न बघितल्यासारखं करते.

थेंब मात्र मलाच घालावे लागतात. रोज, दिवेलागणीला, ओसरीवर. एवढा रानोमाळ हिंडलेला माणूस, साप हातानं बाजूला करणारा, पण बाटली डोळ्यावर आली की लहान पोरासारखा गच्च डोळा मिटतो. थेंब गालावरून मिशीत जातो. डॉक्टरनं बजावलंय, एक दिवस चुकवायचा नाही, आणि हे रोज निम्मी बाटली मिशीला पाजतात.

"वर बघा तात्या!"

"बगतुय की."

"मिटू नका! वर! बघा म्हणते ना!"

परवा असाच एक थेंब गालावर गेला. मी संतापून दुसरा घालायला बाटली उलटी केली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. राग नव्हता, नुसतं धरलं. "आगं, एकदा काय ते ठरीव तरी. इतकी वर्सं बगू नगा, बगू नगा म्हनून जीव खाल्लास. आता बगा, बगा. म्या बगू का नगं बगू?"

 अशा वेळी मला एकच येतं, आवाज चढवणं.

"बघा!" मी ओरडले. "जेवढं दिसतंय तेवढं सगळं बघा!"

तात्यांनी मनगट सोडलं आणि डोळा उघडा धरला.